एकाला लिहिलेला मेल ५८ जणांना: सोसायटीच्या ग्रुप मेलमधले नेहमीचे बिघाड आणि त्यावरचे उपाय

आमची इमारत मुलुंड पूर्वेला आहे, १९८४ सालची, ४२ घरांची. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे करून घ्यावंच लागतं. आम्हीही घेतलं. ६४ पानांचा अहवाल आला. सचिवांनी तो ग्रुप मेलवर पाठवला आणि खाली लिहिलं की हरकती किंवा सूचना दहा दिवसांत कळवा, मग दुरुस्तीची निविदा काढू.

नेमक्या त्याच दिवशी सकाळी दुसरा एक मेल गेला होता: मंगळवारी पाण्याची टाकी धुणार, १० ते ४ पाणी बंद. त्याला ३१ जणांनी सगळ्यांना उत्तर दिलं. ओके. ठीक आहे. धन्यवाद. नोंद घेतली. नुसता अंगठा. संध्याकाळपर्यंत अहवालाचा मेल या ढिगाखाली गेला. दहा दिवसांत हरकती आल्या दोन. अकराव्या दिवशी नऊ जण सचिवांच्या दारात उभे, ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणून. सचिवांनी फोन काढून मेल दाखवला. कळवलं होतं. पण त्या नऊ जणांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या नजरेस तो मेल खरोखरच पडला नव्हता.

सहा वर्षं मी हा ग्रुप सांभाळते आहे. ग्रुपवर ५८ पत्ते आहेत, कारण काही घरांत दोघांनाही मेल हवा असतो आणि काही मालक पुण्यात, काही न्यू जर्सीत. लिफ्ट बंद पडली, पाणी आलं नाही, यासाठी व्हॉट्सॲप आहेच. पण ऑडिट, दुरुस्ती फंड, पुनर्विकास असे विषय मेलवरच बोलायचे असं आम्ही सभेत ठरवलं, कारण दोन वर्षांनी ‘तेव्हा कोण काय म्हणालं होतं’ हे शोधायची वेळ येते आणि ते व्हॉट्सॲपमध्ये मिळत नाही. या सहा वर्षांत तेच ते बिघाड पुन्हा पुन्हा झाले. त्यातले बहुतेक मूळ एकाच चुकीतून आलेले मी पाहिले: लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो आणि मेल जातो ५८ जणांकडे.

म्हणून मी लिहिताना दोन वाचणारे समोर धरते. पहिली, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभी असलेली बाई. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, घाटकोपरला आत शिरणाऱ्या लोंढ्यात तोल सांभाळतेय. तिला सब्जेक्ट आणि पहिल्या दोन ओळी एवढंच दिसणार आहे. दुसरा, दोन वर्षांनी हाच मेल शोधणारा नवा सचिव. तेव्हाची चर्चा त्याने ऐकलेली नाही, कोण कोणावर का चिडलं होतं तेही त्याला माहीत नाही. या दोघांना जो मेल कळतो तो बाकी ५६ जणांनाही कळतो.

‘ग्रुप नुसत्या ओकेने भरून जातो’

टाकीच्या मेलचा हिशेब मी नंतर मांडला. ३१ उत्तरं, प्रत्येक ५८ जणांना, म्हणजे १,७९८ वेळा कोणाचा ना कोणाचा फोन वाजला. टाकी धुणार एवढंच सांगायचं होतं.

हा बिघाड मोठ्या ठिकाणी किती वाढतो याचं उदाहरण इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत घडलं. १४ नोव्हेंबर २०१६ ला तिथे चाचणी म्हणून पाठवलेला एक मेल चुकून साधारण ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेला. नुसता तो मेल गेला असता तर काही बिघडलं नसतं. पण लोक ‘मला या यादीतून काढा’ असं सगळ्यांनाच लिहू लागले, मग ‘सगळ्यांना उत्तर देऊ नका’ असंही सगळ्यांनाच लिहू लागले. सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल फिरले आणि व्यवस्था रेंगाळली. थांबवायला निघालेल्यांनीच ओझं वाढवलं. आमच्याकडेही तेच होतं. कोणीतरी पंधराव्या ‘ओके’ला वैतागून ‘कृपया ओके पाठवू नका’ असं लिहितो, आणि त्यावर तिघं ‘बरोबर’ म्हणतात.

उपाय दोन बाजूंनी करावा लागतो. पाठवणाऱ्याने मेलच्या शेवटी साफ लिहायचं: ‘उत्तराची गरज नाही.’ ही तीन शब्दांची ओळ आल्यापासून आमच्या सूचनांच्या मेलला येणारी उत्तरं जवळजवळ बंद झाली. लोक ओके लिहितात ते उद्धटपणाने नव्हे. मोठ्यांनी काही सांगितलं आणि आपण गप्प राहिलो तर बरं दिसत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. ‘उत्तर नको’ असं सांगितलं की त्यांच्या मनावरचं ते ओझं उतरतं.

दुसरी बाजू सेटिंगची. जीमेलमध्ये रिप्लाय दाबल्यावर उत्तर एकाला जावं की सगळ्यांना, हे आधीच ठरवून ठेवता येतं. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधल्या जनरलखाली ‘डिफॉल्ट रिप्लाय’ दिसेल. अनेकांनी कधीतरी ऑफिसच्या कामासाठी तिथे ‘रिप्लाय ऑल’ करून ठेवलेलं असतं आणि ते विसरलेले असतात. आमच्याकडे सर्वांत जास्त ओके ज्या काकांचे यायचे त्यांच्या फोनमध्ये हेच निघालं. त्यांना वाटायचं आपण फक्त सचिवांना लिहितो.

आणि एखाद्या चर्चेशी तुमचा संबंधच नसेल तर ती म्यूट करा. ग्रुप सोडावा लागत नाही, पुढचे मेल येऊन जमा होतात, पण इनबॉक्समध्ये वर डोकं काढत नाहीत.

‘फक्त एकाला लिहिलं होतं, गेलं सगळ्यांना’

हे माझ्याच हातून झालं आहे आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण बाकीचे बिघाड वेळ खातात, हा माणसं तोडतो.

खजिनदारांनी थकबाकीची यादी ग्रुपवर पाठवली होती, घर क्रमांकांशिवाय, फक्त एकूण रक्कम. मी खजिनदारांना उत्तर लिहिलं की तळमजल्यावरच्या काकांचं मेंटेनन्स आठ महिने राहिलंय, त्यांच्या मुलाची नोकरी गेली आहे, त्यांना इतक्यात नोटीस देऊ नका. हेतू चांगलाच होता. पण उत्तर ग्रुपला गेलं. काकांच्या घरची अडचण ४२ घरांना कळली आणि काकांना ती आपल्या फोनवर वाचावी लागली. मी जिने उतरून खाली गेले तेव्हा काकूंनी दार उघडलं. फोन टेबलावर उघडाच होता. काका एवढंच म्हणाले, ‘तू मला येऊन विचारलं असतंस तरी चाललं असतं.’

त्यानंतर मी ग्रुपची रचना तपासली. गुगल ग्रुप्समध्ये, सभासदाने रिप्लाय दाबला की उत्तर पूर्ण ग्रुपला जावं की फक्त मूळ लिहिणाऱ्याला, हे ग्रुप चालवणारा ठरवतो. आमच्याकडे ते ग्रुपला जात होतं. चर्चा चालू राहावी म्हणून सुरुवातीला कोणीतरी तसं ठेवलं असणार. मी ते बदललं, आता उत्तर मूळ लिहिणाऱ्याकडे जातं आणि सगळ्यांना हवं असेल तर मुद्दाम ‘रिप्लाय ऑल’ करावं लागतं. यावर मतभेद आहेत हे मला माहीत आहे. ग्रुपला उत्तर गेलं तर चर्चा जिवंत राहते असं म्हणणारे बरेच आहेत, आणि तांत्रिक प्रश्नोत्तरांच्या ग्रुपसाठी ते खरंही आहे. पण जिथे माणसं एकाच जिन्यावर भेटतात तिथे चुकीची किंमत फार मोठी. चुकून एकालाच गेलेलं उत्तर पुन्हा सगळ्यांना पाठवता येतं, चुकून सगळ्यांना गेलेलं परत घेता येत नाही.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. काही सभासदांचे पत्ते याहूचे असतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने नियम कडक केला, की आपल्या पत्त्याच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला मेल स्वीकारू नये. बनावट मेल रोखण्यासाठी ते ठीकच होतं. पण ग्रुप मेल नेमका तसाच येतो, सभासदाच्या नावाने आणि ग्रुपच्या सर्व्हरवरून. मेल परत फिरू लागले, तेव्हा ग्रुप चालवणाऱ्या सेवांनी पाठवणाऱ्याच्या जागी ग्रुपचाच पत्ता टाकायला सुरुवात केली. म्हणून काही मेलवर नाव त्या माणसाचं दिसतं आणि खाली पत्ता ग्रुपचा. नाव बघून विसंबू नका. खासगी काही लिहायचं असेल तर रिप्लाय दाबूच नका, नवा मेल उघडा आणि पत्ता हाताने टाका.

शिवाय जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची, म्हणजे ‘पाठवा’ दाबल्यावर मेल निघण्याआधी थांबवण्याची, मुदत ५ सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती ३० करा. पाठवल्यावर पोटात गोळा येतो तो बहुधा पहिल्या दहा सेकंदांतच.

आणि मेल गेलाच, तर? ‘कृपया आधीचा मेल दुर्लक्षित करावा’ असं लिहू नका. ते वाचून ज्यांनी पाहिला नव्हता तेही शोधून वाचतात. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी फोन करा किंवा सरळ दारात जा. त्याची परवानगी असेल तरच मग ग्रुपवर एक ओळ टाका.

‘तो मेल सापडतच नाही’

पुनर्विकासाला एका सभासदाची लेखी हरकत होती. ती आम्ही दोन तास शोधली. सापडली ती ‘रि: रि: फॉरवर्ड: दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ या सब्जेक्टखाली. त्यांना ग्रुपचा पत्ता पाठ नव्हता, म्हणून त्यांनी ग्रुपवरचा एक जुना मेल उघडला, रिप्लाय दाबलं आणि पुनर्विकासाबद्दल दीड पान लिहिलं. शुभेच्छांच्या ढिगात कोण बघणार?

मेलच्या पोटात, आपल्याला न दिसणाऱ्या ओळींत, प्रत्येक मेलचा एक ओळखक्रमांक असतो आणि ‘मी अमुक मेलला उत्तर आहे’ अशी नोंद असते. त्या नोंदीवरून मेल एकाखाली एक लावले जातात. जीमेल त्याशिवाय सब्जेक्टही पाहतं, तो बदलला की वेगळी चर्चा करतं. काही इतर प्रोग्राम मात्र सब्जेक्ट बदलला तरी जुन्याच चर्चेखाली नवा मेल लटकवून ठेवतात. तेव्हा नवा विषय म्हणजे कोरा नवा मेल, याला पर्याय नाही. ग्रुपचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ‘सोसायटी’ नावाने टाकून ठेवा. आमच्याकडच्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये मी एका रविवारी घरोघर जाऊन तेवढं करून आले, आणि हा बिघाड निम्म्याने कमी झाला.

याची दुसरी बाजूही असते. चालू विषयावरच लिहायचं असेल तर नवा मेल काढू नका, त्याच चर्चेत उत्तर द्या. गच्चीच्या गळतीवर चार जणांनी चार वेगळे मेल काढले की कंत्राटदाराचं कोटेशन एकात राहतं, फोटो दुसऱ्यात आणि निर्णय तिसऱ्यात. चर्चा फार लांबली तर जीमेल साधारण १०० मेलनंतर ती आपोआप तोडतं. तिथवर जायच्या आधीच कोणीतरी ‘आतापर्यंत ठरलेलं’ असा नवा मेल काढलेला बरा.

सब्जेक्टमध्ये ‘महत्त्वाचे’, ‘तातडीचे’, ‘सभासदांसाठी’ यांचा शून्य उपयोग. सगळेच मेल सभासदांसाठी असतात. सचिवांच्या त्या ऑडिटच्या मेलचा सब्जेक्ट होता ‘अहवालाबाबत’. तो असा असता तर: ‘स्ट्रक्चरल ऑडिट: हरकती २० जूनपर्यंत’. लोकलमधल्या बाईने मेल उघडलाही नसता तरी तारीख तिच्या डोक्यात गेली असती.

‘मराठी उघडतच नाही’

हा खास आपला बिघाड. सभेचं इतिवृत्त ज्यांच्याकडे टाइप करून घेतलं जातं ते अनेकदा जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये काम करतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीच्या त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर खरं तर रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे तिथे मराठी दिसतं, नाही तिथे चिन्हांचा आणि रोमन अक्षरांचा चिखल. मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकला की हमखास हेच. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर सगळं नीट दिसत असतं, त्यामुळे त्याला तक्रार पटतच नाही. ‘माझ्याकडे तर उघडतंय!’ या वाक्यावर आमच्याकडे एक पूर्ण आठवडा गेला आहे.

उपाय युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि आज कुठल्याही फोनच्या मराठी कीबोर्डवर तुम्ही जे लिहिता ते युनिकोडच असतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. बदलताना तिथेच चुका राहतात. ते जमत नसेल तर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा आणि मेलमध्ये मुख्य निर्णय चार ओळींत हाताने टाइप करा. त्या चार ओळी टाळू नका. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये ‘दुरुस्ती’ शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच. इतिवृत्ताचा फोटो काढून पाठवला तरी तेच, आणि चष्म्याचा नंबर वाढलेल्यांचे हाल वेगळे.

मराठीतला आणखी एक बारकावा. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा मेल कापतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी बारीक ओळ दाखवतं. मेलमध्ये युनिकोड सहसा ज्या पद्धतीने साठवतात (यूटीएफ-८) तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे मराठीतली चर्चा इंग्रजीपेक्षा कितीतरी आधी ती मर्यादा गाठते. खालचे आधीचे वीस मेल तसेच ठेवून तुम्ही आपलं उत्तर सर्वांत शेवटी लिहिलंत, तर ते कात्रीच्या पलीकडे जातं आणि कोणाला दिसत नाही. उत्तर देताना ज्या दोन-तीन ओळींबद्दल बोलताय तेवढ्या ठेवा, त्यांच्या खाली आपलं म्हणणं लिहा, बाकीचं पुसा. फोनवर पुसायला कंटाळा येतो हे मान्य. निदान उत्तर वर लिहा.

‘कोणी उत्तरच देत नाही’

प्रश्न विचारलेला असतो, पण तो तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात असतो. आधी प्रस्तावना, मग पावसाळ्याची पार्श्वभूमी, मग मागच्या कमिटीने काय केलं नाही ते, आणि मग ‘तरी यावर सर्वांनी आपले मत कळवावे’. कशावर मत? कुठल्या दिवसापर्यंत? कोणाला?

गेल्या सप्टेंबरात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी पाठवलेला मेल इथे देते. सब्जेक्ट होता ‘वॉटरप्रूफिंग: दोनपैकी एक निवडा, शुक्रवार रात्री ९ पर्यंत’. आत:

‘नमस्कार. गच्चीसाठी दोन कोटेशन आली आहेत. अ: स्वस्त, हमी ५ वर्षांची. ब: अ पेक्षा दीड लाखाने महाग, हमी १० वर्षांची. तुम्हाला कोणतं हवं ते फक्त मला कळवा, सगळ्यांना नको. एकच अक्षर पुरे, अ किंवा ब. दोन्ही कोटेशन सोबत जोडली आहेत. शनिवारी सकाळी एकूण आकडा ग्रुपवर टाकेन.’

पहिल्या रात्रीच २६ घरांची उत्तरं आली. न्यू जर्सीच्या ताईंचं पहाटे आलं. नुसतं ‘ब’.

शेवटचं वाक्य त्या मेलचा कणा होता. उत्तरं खासगी मागितली की, पुढे त्यांचं काय झालं हे सगळ्यांना सांगायचं बंधन आपल्यावर येतं. ते पाळलं नाही तर पुढच्या वेळी कोणी उत्तर देणार नाही आणि देऊही नये.

जाता जाता छोट्या गोष्टी. अटॅचमेंट २५ एमबीपर्यंतच जाते, त्यात जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २० एमबीचं स्कॅनही अडकू शकतं. ड्राइव्हची लिंक द्या, आणि ती ग्रुपमधल्या सगळ्यांना उघडेल अशी परवानगी आधी द्या. नाहीतर ‘ॲक्सेस द्या’ म्हणून ४० विनंत्या तुमच्याकडे येतात. ‘मला मेल आलाच नाही’ म्हणणाऱ्याने आधी स्पॅम आणि प्रमोशन्सचा कप्पा बघावा आणि तिथून मेल एकदा इनबॉक्समध्ये ओढावा. ग्रुपला ऑफिसचा पत्ता देऊ नका: सुट्टीवर गेलात की ‘मी रजेवर आहे’ हे काही ऑफिसांची यंत्रणा ५८ जणांना सांगत सुटते, आणि नोकरी बदललीत की सोसायटीचा सगळा इतिहास जुन्या ऑफिसात राहतो. बिल्डर, वकील, आर्किटेक्ट असे बाहेरचे असतील त्या मेलवर सभासदांचे पत्ते उघडे टाकू नका, बीसीसी, म्हणजे ज्यात टाकलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत तो रकाना, त्यासाठीच आहे. ग्रुप सोडायचा असेल तर मेलच्या तळाशी अनसबस्क्राइबची सोय असते. ती दिसत नसेल तर ग्रुप सांभाळणाऱ्याला एकट्याला लिहा.

‘ग्रुपवर भांडण पेटलंय’

आमच्याकडे ते पार्किंगवरून पेटतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ठिणगी दोन शब्दांची असते: ‘काही सभासद’.

‘काही सभासद नियम पाळत नाहीत याची खंत वाटते.’ लिहिणाऱ्याला वाटतं, नाव न घेऊन आपण सभ्यपणा दाखवला. पण वाचणाऱ्यांत आठ घरांकडे गाड्या आहेत, आणि त्या आठांतल्या प्रत्येकाला वाटतं की बोट आपल्याकडे आहे. एकाला टोचायचं होतं, आठ जखमी झाले, आणि ज्याला उद्देशून लिहिलं त्याला बहुधा कळलंच नाही. नाव घेण्याची हिंमत नसेल किंवा नाव घेणं बरं दिसणार नसेल, तर तो विषय ग्रुपचा नाहीच. त्या माणसाला फोन करा. नियमच सांगायचा असेल तर नियम सांगा: ‘पाहुण्यांच्या गाड्या गेटजवळच्या दोन जागांवर लावाव्यात.’ यात कोणावर ओरखडा नाही.

सरकारी पत्रांची भाषाही आग लावते. ‘ताबडतोब खुलासा करावा’, ‘गंभीर दखल घ्यावी’, ‘अन्यथा पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल’. ज्या काकूंनी काल आपल्या मुलाला खालून दप्तर उचलून वर आणून दिलं, त्यांना आपण असं समोर बोलू का? ‘काकू, तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी खाली कपड्यांवर येतंय, जरा बघाल का?’ हेच मेलवरही चालतं. मेलमध्ये आवाज नसतो, चेहरा नसतो. समोरासमोर हसून म्हटलेलं ‘काय हो, झोपलात का?’ मेलवर शिवी होतं.

मेलवर वागावं कसं याचे लेखी नियम इंटरनेटच्या लोकांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये एका दस्तऐवजात मांडले, आरएफसी १८५५ त्याचं नाव. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला. म्हणजे आपल्या हाती मेल आला आणि दोनच महिन्यांत हे नियम छापून झाले. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या मी आमच्या ग्रुपला वारंवार सांगते. भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर एक रात्र थांबवून ठेवा. आणि वाद दोघांतच असेल तर तो दोघांत बोला, सगळ्यांच्या कामाचं काही निघालं तर त्याचा सारांश नंतर ग्रुपला द्या.

गेल्या डिसेंबरात पार्किंगच्या जागा क्रमांक चारवरून दोघांचे दोन दिवसांत अकरा मेल झाले. बाकीचे गप्प वाचत होते. मी दोघांनाही वेगवेगळा फोन केला, मेलवर एक अक्षर लिहिलं नाही. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बसलो, चहा मागवला, २०१४ च्या सभेचं इतिवृत्त काढलं. त्यात जागा क्रमांक चारबद्दल दोघांनाही आठवत होतं त्याहून तिसरंच काहीतरी लिहिलेलं निघालं. तासाभरात ठरलं. संध्याकाळी त्याच चर्चेत, दोघांच्या नावाने, एक मेल गेला:

‘जागा क्र. ४ बद्दल आमचं बोलणं झालं. २०१४ च्या ठरावाप्रमाणे ही जागा दर वर्षी १ एप्रिलला आळीपाळीने बदलेल, ठरावाचं पान सोबत जोडलं आहे. या चर्चेतल्या आमच्या आधीच्या मेलमधले शब्द आम्ही दोघंही मागे घेतो. उत्तराची गरज नाही.’